विहिरीमागचं डबकं

सकाळपासून हात खाजवतेय. विहिरीमागच्या डबक्यात डासांच्या अळ्या झाल्यात. शेजारच्या नलूताईंच्या घरात दोघं तापाने पडलेत. त्याच म्हणाल्या, "मूठभर मीठ टाक गो, मरतात." मी टाकलं, पण जपून, कारण कडेला अळू आहे, ते जळायला नको. अळ्या तडफडल्या, काही मेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं टाकलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. उरलेल्या आता मजेत वळवळतायत. पहिल्याच दिवशी भरपूर ओतलं असतं तर संपल्या असत्या. मीच त्यांना चिमटीचिमटीने मिठाची सवय लावली.

हे लक्षात आल्यापासून एका जागी बसवत नाही. उठते, डबक्यापाशी जाते, परत येते. एवढासा जीव, पण पाणी खारट होत गेलं तसा त्यात जगायला शिकला. याला चिवटपणा म्हणायचं की कोडगेपणा? मागे खाडीचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी शेतात शिरलं, तेव्हा सगळा गाव हळहळला होता. बांध अजून तसाच फुटका आहे, दर भरतीला पाणी आत येतं. आता त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही.

दुपारी मुलगी पुण्याहून आली. विहिरीचं पाणी काढून मी दोघींसाठी चहा टाकला. तिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, चहात मीठ पडलंय का गं?"

माझा कप तोवर रिकामा झाला होता.