आसाराम सुताराचं पहिलं धनुष्य, आणि दुसरं

तेलगावात असं एकही घर नसेल, जिथे आसाराम सुताराने केलेलं काहीतरी नाही. कुठे दार, कुठे चौकट, कुठे बाज, कुठे तिफण. त्याच्या कामाची खूण एकच. ते हलत नाही. त्याने बसवलेली चौकट भिंत पडली तरी उभी राहते, आणि लग्नात दिलेला त्याचा पलंग नवरा-बायकोचं पटलं नाही तरी कुरकुरत नाही. अलीकडे लोकांना लोखंडी दारं आणि प्लायवूड आवडू लागलं, त्यामुळे त्याच्याकडे सोफ्याचे निखळलेले पाय तेवढे यायचे. तो ते असे बसवायचा की पुढच्या वेळी सोफा फाटेल, पण पाय निघणार नाही.

माघातली गोष्ट. त्याची नऊ वर्षांची नात संस्कृती शाळेतून आली ती दप्तर भिरकावूनच.

"आज्जा, मला धनुष्य करून दे."

"कावून गं?"

"चिंचा पाडायच्यात. माणिकरावांच्या."

माणिकराव म्हणजे गावातली मोठी असामी. तीस एकर जमीन, दोनदा पंचायत समितीवर निवडून आलेले, आणि आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे दिवसभर अंगणातल्या चिंचेखाली बसून असणारे. चिंचा गाभुळायला लागल्या की त्यांचा आवाज चढायचा. त्या दिवशी त्यांनी पोरांना रांगेत उभं करून कायदाच सांगितला होता. दगड मारायचा नाही, काठी लावायची नाही, झाडावर चढायचं नाही.

"बाणाचं ते काय बी बोलले न्हाईत," संस्कृती म्हणाली.

पोरीचं डोकं वकिलाचं आहे हे आसारामच्या तेव्हा लक्षात आलं, आणि त्याला फार बरं वाटलं. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"आनि आज्जा, ते म्हनले, जा, तुज्या आज्ज्याला सांग शिडी करून द्यायला. पर त्याला आता सोफ्याचे पाय बसवन्याबिगर काय येतंय?" हे तिने हुबेहूब माणिकरावांच्या आवाजात म्हणून दाखवलं, खोकल्यासकट.

हे मात्र लागलं. गाव काय म्हणतं याची आसारामला फिकीर नव्हती. पण या पोरीचा आजवरचा समज असा होता, की लाकडातलं आज्जाला येत नाही असं काही नाहीच. तो समज गेला तर आपल्याकडे उरतं काय, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

त्याने जुन्या बैलगाडीची बाभळीची दांडी ओढून काढली. दोन दिवस वाकसाने तासली, रंधा मारला, दोन्ही टोकांना दोरीसाठी खाचा पाडल्या, तेल पाजलं. देवळात ठेवलं असतं तर लोकांनी हळद-कुंकू वाहिलं असतं, इतकं ते देखणं झालं. अडचण एकच होती. ते वाकत नव्हतं. संस्कृती लटकली, आसाराम लटकला, शेवटी जेसीबी चालवणारा मुलगा बजरंग, म्हणजे संस्कृतीचा बाप, गुडघा लावून भिडला. नायलॉनची दोरी तुटली आणि बजरंग उताणा पडला.

"बघ, लाकडाला काय बी झालं न्हाई," आसाराम अभिमानाने म्हणाला.

"आज्जा, ही तर चौकटच हाय रं," संस्कृती म्हणाली.

त्याची बायको साखराबाई तुरी पाखडत होती. ती इतकी हसली की तिला सूप बाजूला ठेवावं लागलं. "आवो, तुमी केलेलं लाटणं बी मला दोन हातांनी उचलावं लागतंय. तुमच्या हातून लवचिक काय व्हायचं?"

संस्कृती मात्र हसली नाही. ती उठून अभ्यासाला बसली, आणि नातीने आपणहून अभ्यासाला बसावं, याहून वाईट लक्षण आसारामला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंचेसमोरून जाताना त्याने माणिकरावांना उठताना पाहिलं. त्यांनी सगळा भार टाकला की हातातली काठी मधोमध चांगली वाकायची, आणि ते उभे राहिले की पुन्हा सरळ. धामणाच्या लाकडाची काठी. बालाघाटाच्या डोंगरातून आणलेली, चाळीस वर्षं तेल प्यालेली. आसारामने ती हजारदा पाहिली असेल, पण इतक्या वाईट नजरेने कधी पाहिली नव्हती.

तो तडक घरी गेला. बाभळीच्या धनुष्याच्या एका टोकाला त्याने पितळेची टोपी ठोकली, दुसऱ्याला मूठ बसवली. खाचा झाकल्या गेल्या आणि झाली काठी. तसं ते पहिल्यापासून काठीच होतं म्हणा.

"राम राम, माणिकराव. बघू जरा ती काठी." आसारामने काठी कानाला लावली, नखाने टकटक केलं, डोळे मिटले आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

"काय झालं बे?"

"भुंगा लागलाय. आतून समदी पोकळ. एखाद दिवशी मोडंल, अन् तुमचे गुडघे हे असे."

माणिकरावांचा चेहरा उतरला. आसारामने लगेच नवी काठी पुढे केली. "ही घ्या. तुमच्यासाठीच केलीया."

माणिकरावांनी ती जमिनीवर आपटून पाहिली. "चांगली वजनदार हाय."

"तुमाला शोभंल अशी," आसाराम म्हणाला. जुनी काठी काखोटीला मारून तो निघाला आणि हसू गल्लीच्या वळणापर्यंत त्याने कसंबसं दाबून धरलं.

मुठीपुरती मधली जागा जाड ठेवून त्याने धामणाची दोन्ही अंगं रंध्याने पातळ केली. बाण तुराटीचे. टोकाला डांबराची गोळी, म्हणजे कुणाला लागलाच तर नुसता काळा ठिपका. हे दुसरं धनुष्य ओढलं की वाकत होतं आणि सोडलं की परत येत होतं. आसारामच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच हलणारी वस्तू तयार झाली होती.

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि संस्कृती चिंचेखाली हजर झाली. मागे आसाराम, सहज आल्यासारखा. माणिकराव आपल्या सागवानी आरामखुर्चीत. पहिला बाण फांदीत अडकला, दुसरा कौलावर गेला, आणि तिसऱ्याला चिंचांचा अख्खा घोस माणिकरावांच्या मांडीवर येऊन पडला.

"दगड न्हाई, काठी न्हाई, चढले बी न्हाई," संस्कृतीने एका दमात सांगून टाकलं.

माणिकरावांनी बाभळीची काठी खुर्चीला टेकवली. मग त्यांनी हात पुढे केला. "आन हिकडं."

धनुष्याच्या एका टोकाजवळून त्यांचा अंगठा फिरला आणि रंध्यातून वाचलेल्या एका गाठीवर थांबला. चाळीस वर्षं तो तिथेच थांबत आला होता.

"आसाराम, माज्या काठीला खरंच भुंगा लागला व्हता का?"

संस्कृतीने आज्जाकडे मान वळवली. खोटं बोलायचं तर या पोरीच्या तोंडावर बोलावं लागणार होतं, आणि खरं बोलायचं तर तिच्याच समोर चोर ठरावं लागणार होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "फशिवलं मी तुमाला. लाकूड पाहिजे व्हतं."

"आज्जा! तू काठी लांबवलीस?" संस्कृती किंचाळली. तिचे डोळे नुसते लकाकत होते. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही दाराकडे किंवा पाटाकडे तिने असं पाहिलं नव्हतं. आसारामला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त झाला.

माणिकरावांनी दोरी ओढली, सोडली. पुन्हा ओढली. राग यायला हवा होता, तो काही येईना.

"चाळीस वर्षं हातात धरून फिरलो," ते शेवटी म्हणाले, "पर हिच्यात हे हाय, ते मला न्हाई दिसलं. तुला दिसलं." त्यांनी धनुष्य पोरीला परत दिलं आणि मांडीवरची एक चिंच सोलून तोंडात टाकली.

संस्कृतीने धनुष्य खांद्याला अडकवलं. मग तिने माणिकरावांच्या खुर्चीभोवती सावकाश एक चक्कर मारली, वाकून खुर्चीचे पाय पाहिले, तिच्या सागवानी हातावरून बोट फिरवलं.

"आज्जा," तिने विचारलं, "ह्या खुर्चीत काय काय हाय रं?"