भिवकुरे दोतोर

आमच्या दोतोरांना सगळ्याची भीती वाटायची, आणि ती ते चारचौघांत बिनदिक्कत सांगायचे. विजेची भीती, लिफ्टची भीती, टेलिफोन वाजला की भीती. स्वतः जनावरांचे डॉक्टर, पण वाटेत कुत्रं आडवं आलं तर माझ्या पाठीमागे यायचे. पेडण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीचं प्राणिगृह होतं. नवी औषधं माणसांना देण्याआधी जिथे उंदरांवर आणि सशांवर तपासतात, तसलं. तिथले ते प्रमुख. तोंडावर त्यांना सगळे 'दोतोर' म्हणायचे आणि पाठीमागे 'भिवकुरो दोतोर', म्हणजे भित्रा डॉक्टर. हे त्यांच्या कानावर गेलेलं होतं. "फट उलयनात ते," खोटं बोलत नाहीत हो ते, असं म्हणून स्वतःच हसायचे. बोलायचे कोंकणीत, लिहायचे मराठीत आणि घाबरायचे दोन्हीत.

मी साखळीची, नुकतीच बी.एस्सी. झालेली. मुलाखतीला गेले तर त्यांनी मला शिक्षणाचं एक अक्षर विचारलं नाही. "तुका कित्याचें भंय दिसता?" एवढंच विचारलं. मी आपली ताठ बसून म्हणाले, "कशाचंच नाही." झालं! त्यांनी माझा अर्ज बाजूला सारला. म्हणाले, "मग तू आमच्या कामाची नव्हे, बाय. भंय नाशिल्लो मनीस पिंजऱ्याक कडी घालूक विसरता." भीती नसलेला माणूस कडी घालायला विसरतो. मी रडकुंडीला आले आणि खरं तेच बोलून गेले, की साखळीहून इतक्या लांब दोन बसेस बदलून यायची, परत घरी पोहोचायची आणि तुमची, अशी तिन्हींची मला भीती वाटतेय. ते एकदम खूश झाले. सोमवारपासून ये म्हणाले.

उंदरांच्या खोलीत शिरण्यापूर्वी ते दारावर हलकी टिचकी मारायचे आणि क्षणभर थांबायचे. "घर तांचें. आपण पावणे," म्हणायचे. आत चपलांचा आवाज करायचा नाही, मोठ्यानं हसायचं नाही, जनेल, म्हणजे खिडकी, धाडकन लावायची नाही. माझं लग्न साखळीतच झालं तेव्हा हातात चुडा भरला होता, कोपरापर्यंत हिरवा. कामावर गेले तर दोतोर माझ्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, आता कौतुक करतील. कसलं कौतुक! म्हणाले, बाय, हा किणकिणाट त्यांच्या कानांना सोसायचा नाही, काढून ठेव. सासूबाईंना कळलं तेव्हा घरात महाभारत. नव्या नवरीनं चुडा उतरवायचा म्हणजे काय चेष्टा आहे? दोतोरांना सांगितलं तर त्यांनाच घाम फुटला. दुसऱ्या रविवारी ते स्वतः साखळीला आमच्या घरी आले, सासूबाईंपुढे हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "मांये, माका तुमचेंय भंय दिसता आनी हुंदरांचेंय. तुमीच सांगात कितें करूं." सासूबाई हसल्या. वर त्यांना सोलकढी पाजून पाठवलं. तेव्हापासून पेडण्याला पोहोचले की मी चुडा उतरवायची आणि निघताना परत भरायची. सासूबाईंनी त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही.

या माणसाची भीती पळायची ती एकाच जागी, घुमटापुढे. घुमट म्हणजे आमच्याकडचं वाद्य, मातीचा घट, एका तोंडाला कातडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, त्यांच्या इब्रामपूरला आरत्या सुरू झाल्या की दोतोर घुमट गळ्यात अडकवायचे, आणि मग तो माणूस वेगळाच. मान ताठ, डोळे मिटलेले, पंजा असा पडायचा की समोरच्याच्या छातीत हादरा बसावा. मी नवऱ्याबरोबर एकदा मुद्दाम जाऊन ऐकलं. नवरा म्हणाला, "हे तुझे भित्रे साहेब?" मी म्हटलं, हेच.

पण चवथ असो की शिगमो, उंदरांना रोज खाणं-पाणी लागतंच. त्यामुळे सणाला काहीजणांना कामावर थांबावं लागायचं. एका वर्षी आमची पाळी आली. गोव्यात चवथीला घराबाहेर राहायचं म्हणजे जिवावर येतं. आम्ही पेडण्याच्या दोन-तीन मुली, मी आणि इराप्पा. इराप्पा बेळगावकडचा, ठेकेदाराकडून आलेला साफसफाईचा माणूस. बायको वसाहतीतच बांधकामावर पाट्या वाहायची. अतिशय नेमका माणूस, दोतोरांचा लाडका, कारण तोही त्यांच्यासारखाच प्रत्येक कडी दोनदा ओढून बघायचा. आम्ही खाद्याच्या खोलीत गणपतीची तसबीर मांडली, वर आंबाडे, कवंडळं आणि ओल्या सुपाऱ्यांची एवढीशी माटोळी, म्हणजे देवावर टांगायची फळांची चौकट, बांधली. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की अरे, देवाचं वाहन आपल्या पदरी आहे, एक सोडून शेकड्यांनी आहे. इथे घुमट-आरती नाही करायची तर कुठे?

दोतोर आधी नको म्हणाले. मग म्हणाले, देवाला नाही म्हणायचीही भीती वाटते. शेवटी दुपारचा नैवेद्य आटोपून ते घुमट घेऊन आले. खाद्याच्या खोलीला लागूनच पिलावळीची खोली, व्यालेल्या माद्यांची. "इराप्पा, तें दार धांप आनी थंयच राव," त्यांनी सांगितलं. इराप्पानं दार लावलं, कडी दोनदा ओढून बघितली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. आरती संपेपर्यंत तो प्रसादालासुद्धा हलला नाही. दोतोरांनी डोळे मिटले आणि वाजवलं. काय वाजवलं! आम्ही सगळे घरची चवथ विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिलावळीच्या खोलीत गेले. पहिल्या पिंजऱ्यातलं घरटं उचकटलेलं होतं. आत पिल्लं नव्हती. दुसऱ्यातही नव्हती. तिसऱ्यात जे उरलं होतं ते मी इथे लिहीत नाही. भ्यालेली उंदरीण पिल्लं खाते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात वाचणं वेगळं, आणि सगळ्या खोलीभर त्या माद्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या बघणं वेगळं. दोतोर आले. दारावर टिचकी मारायला त्यांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आत येऊन ते स्टुलावर बसले. खाद्याच्या खोलीच्या भिंतीवर त्यांनी तळवा टेकवला. दार लावलं होतं, पण ती भिंत! आवाज भिंतीतून गेला होता, हादरा पिंजऱ्यांपर्यंत पोहोचला होता. "तीं भियेलीं, बाय," ते म्हणाले. "आनी तें भंय हांवें दिलें."

त्या पिल्लांवर एक मोठं काम ठरलेलं होतं, ते रखडलं. मॅनेजर तडक खाली आले. कोणीतरी घुमटाचं सांगितलं असतं तर दोष प्रमुखाचा झाला असता, आणि प्रमुखाचा दोष म्हणजे अख्ख्या प्राणिगृहाचा. ते त्यांना नको होतं, म्हणून त्यांनी नीट विचारलंच नाही. ड्यूटीवर कोण होतं? इराप्पा. दार कोणाच्या ताब्यात होतं? इराप्पाच्या. मग दार उघडं राहिलं, बाहेरचा आवाज आत गेला, संपलं. वड्याचं तेल वांग्यावर! इराप्पाला गेटवरून परत पाठवलं. तो दिवसभर गेटबाहेर वडाखाली उभा, मी बसला निघाले की जवळ येऊन एकच सांगायचा, "मी दार लावलो होतो की, बाई. तुम्ही बघितला होता की." आमच्या सगळ्यांच्या पाचावर धारण बसलेली. चौकशीच्या कागदावर दोतोरांची सही हवी होती. ते सही करत नव्हते आणि खरं सांगायलाही त्यांचं तोंड उघडत नव्हतं. डबा तसाच परत न्यायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसा तो कागद त्यांच्या मागे लागला होता.

त्याच दिवसांत फलकावर एक पत्रक लागलं. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची निगा राखणाऱ्यांची परिषद यंदा पणजीत भरणार होती. ज्यांना आपलं काम, आपला अनुभव तिथे मांडायचा असेल त्यांनी प्रस्ताव पाठवावेत, असं आवाहन होतं. अशी पत्रकं दरवर्षी यायची आणि दोतोर त्यांच्याकडे पाठ करून चहा प्यायचे, कारण व्यासपीठाची भीती. यंदा मॅनेजरनीच फर्मावलं, की आपण परदेशातून आणलेल्या नव्या पिंजऱ्यांवर प्रस्ताव पाठवा, कंपनीचं नाव होईल. दोतोर मान हलवून खाली आले, मला संगणकापुढे बसवलं आणि म्हणाले, "बरय." लिही.

त्यांनी इंग्रजीत मजकूर सांगायला सुरुवात केली. नव्या पिंजऱ्यांचं त्यात काही नव्हतं. पिलावळीच्या खोलीला लागून घुमट वाजवलं तर काय होतं, हा विषय. वाजवणारा स्वतः प्रमुख. दार बंद होतं, ते सांगितल्याप्रमाणे लावून माणूस तिथे उभा होता. चूक दाराची नाही, भिंतीची आणि ती न ओळखणाऱ्याची. माझी बोटं थांबली. मी म्हटलं, "दोतोर, आ बैल मुझे मार कशाला? तुमची नोकरी जाईल."

"वतली," ते म्हणाले. जाईलच. खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. "माका खूब भंय दिसता, बाय. तू रावूं नाका. तू रावलें जाल्यार हांवय रावतलों." तू थांबलीस तर मीही थांबेन. मी डोळे पुसले आणि टाईप केलं.

प्रस्तावावर मॅनेजरची सही लागायची. दोतोर कागद घेऊन वर गेले आणि मीही त्यांच्या मागोमाग, कारण एकट्यानं वर जायची त्यांना भीती वाटत होती. मॅनेजरनी वाचलं, पुन्हा वाचलं. ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, एक ठेक्याचा माणूस गेला तर तुमचं काय बिघडतं? त्याला दुसरीकडे झाडू मिळेल. तुम्हाला दुसरं प्राणिगृह मिळणार नाही."

दोतोरांच्या हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर कलंडला. ते रुमालानं टेबल पुसत राहिले आणि पुसता पुसताच म्हणाले, "खरें. मेळचें ना." सही झाली नाही. त्यांनी चौकशीच्या कागदावर सही केली नाही, आणि राजीनाम्यावर मात्र तिथेच केली. निघताना आम्हा सगळ्यांना एकेक पाव-भाजी खाऊ घातली आणि पिंजऱ्यांच्या कड्या दोनदा ओढायला सांगितलं. प्रस्ताव त्यांनी बिनसहीचाच, स्वतःच्या नावावर पोस्टात टाकला. परिषदेकडून होकार आला तेव्हा मला फोन करून म्हणाले, "आतां मेलों!"

मी रजा टाकून पणजीला गेले. सभागृह भरलेलं. शेवटच्या रांगेत धुतलेल्या शर्टात इराप्पा बसला होता. दोतोरांनी त्याला बरोबर आणलं होतं. कशाला आलोय हे त्याला कळलेलं नव्हतं. दोतोर व्यासपीठावर गेले, तेव्हा त्यांच्या हातातला कागद ध्वनिक्षेपकापाशी असा फडफडला की पुढचे लोक हसले. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. आवाज फुटत होता, वाक्यं तुटत होती. घुमटाचं सांगितलं, भिंतीचं सांगितलं, पिल्लांचं सांगितलं. हसणारे गप्प झाले. मग ते थांबले आणि शेवटच्या रांगेकडे बघत मराठीत म्हणाले, "दार बंद होतं. ते इराप्पानं लावलं होतं."

आपलं नाव ऐकताच इराप्पा ताडकन उभा राहिला. कंपनीत कोणी नाव पुकारलं की काय होतं, तेवढंच त्याला ठाऊक होतं. हात जोडून तो त्या भरल्या सभागृहात म्हणाला, "मी काय केलो नाही, साहेब."

दोतोरांनी कागद तिथेच ठेवला, व्यासपीठावरून उतरले, मधल्या वाटेनं चालत शेवटच्या रांगेपर्यंत गेले आणि त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. "तेंच सांगतां रे तांकां," ते म्हणाले. "तेंच सांगूंक आयलां." अध्यक्षस्थानी एक वयस्क बाई होत्या, पणजीजवळच्याच एका प्राणिगृहाच्या प्रमुख. प्रश्न आहेत का, असं त्यांनी सभेला विचारलंच नाही. इराप्पाकडे बघत स्वतःच विचारलं, की हे गृहस्थ सध्या कुठे कामाला आहेत? कुठेच नाहीत, दोतोर म्हणाले. "मग सोमवारपासून माझ्याकडे येऊ देत," बाई म्हणाल्या.

इराप्पाला हे नीट समजावं म्हणून मी जवळ जाऊन सांगितलं. त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यानं दोतोरांकडे वळून विचारलं, "तिथं तुम्ही असणार की, साहेब?"

दोतोर त्याची सुटलेली वरची गुंडी लावून देत म्हणाले, "तूं वच फुडें." तू हो पुढे.

इराप्पा सोमवारी कामावर गेला आणि पुढे तिथेच कायम झाला. दोतोर इब्रामपूरला जाऊन गावातल्या गायी-म्हशी बघू लागले आणि तिथेच वारले. सोमवार आला की इराप्पा कितीतरी दिवस नव्या प्राणिगृहाच्या फाटकाकडे बघत असायचा, असं त्याच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. दोतोरांना पुन्हा कुठल्याही प्राणिगृहानं बोलावलं नाही.