पळताना प्यायची आंबील

आमच्या शाळेचे पी.टी. सर तेलुगू. आमच्याशी हिंदीत बोलायचे, आणि पळण्याबाबत त्यांचा एकच कायदा होता. "दौडते टाइम पानी नहीं. कुल्ली करो, थूको, भागो." मीही इमानेइतबारे थुंकत पळायचे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी नववीत होते. सीमेवरच्या आमच्या बोथ गावापासून हायवेपर्यंत आणि परत, अशी दर वर्षी मुलींची लांब पल्ल्याची शर्यत व्हायची. पहिल्या तिघींना हैदराबादला मुलींच्या क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळायचा. शिकणं, राहणं, खाणं, सगळं सरकारी. बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं, दहावी झाली की बस, घरचा कापूस वेचायचा. म्हणजे मला पुढं शिकायचं तर पळूनच शिकायचं होतं.

मी जिंकावं असं आईलाही फार वाटायचं. म्हणून तिनं आमच्याकडची रीत केली. देवीला नवस बोलली आणि शर्यतीच्या दिवशी मला निर्जळी उपास धरायला लावला. पोरीचं काही चांगलं व्हायचं असलं की पोरीनंच उपाशी राहायचं, मग परीक्षा असो की लग्न! पोटात अन्न नाही, पाणी नाही, वरून सरांचा कायदा. परतीच्या वाटेवर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी रस्त्याकडेला आडवी झाले. बैलगाडीत घालून घरी आणलं. गावात एकच बोलणं, "पोरीच्या जातीले हे झेपते काय?"

अरे, झेपलं नाही ते उपाशी पोटाला! त्यात पोरीच्या जातीचा काय संबंध? मला असा संताप आला की दुसऱ्याच आठवड्यात मी पुन्हा पळायला लागले, आणि या वेळी खाऊन-पिऊन.

आधी सगळं चुकलं. शेंगदाण्याचा लाडू खाऊन निघाले तर बरगडीखाली अशी कळ आली की वाकून बसावं लागलं. ग्लुकोजची पूड मूठभर कोरडीच तोंडात टाकली आणि ओकले. पाणी ढसाढसा प्यायले तर पोटात डचमळायला लागलं. मग एकदा ज्वारीची आंबील चांगली पातळ केली, मीठ-गूळ घातला आणि पळता पळता घोट घोट घेतली. सुरुवातीला अर्धी अंगावर सांडायची. पण पोट कुरकुरलं नाही आणि पाय चालत राहिले. मग मी रोज तशीच प्यायची सवय केली.

सरांना कळलं. म्हणाले, "चलेगा नहीं."

"नियम में किधर लिखा है, सर?"

सरांनी शिट्टी वाजवली, "भागो!"

आईचं मात्र अवघड होतं. पुढच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "उद्या उपास हाये, ध्यानात ठेव."

"मी नाही धरत."

"काऊन? देवी कोपली तं?"

"मागच्या साली मी रस्त्यावर पडली, तवा कुठं होती तुही देवी?"

थोबाडीत बसली. मी रडले, पण म्हणाले, "अजून मार. मी जेवूनच पळीन." ती चुलीपुढं बसून राहिली. सकाळी तिनं माझ्यासमोर दूध-भाकर ठेवली.

परतीच्या वाटेवर पुलापाशी आंबिलीचा लोटा घेऊन उभं राहायला मी मैत्रिणीला सांगितलं होतं. येऊन पाहते तर पुलावर आई! तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. माझ्याबरोबर चार पावलं धावत तिनं लोटा माझ्या हातात दिला.

"तुहा उपास म्या धरला. तू पी अन् पळ."

रडायला वेळ नव्हता. घोट घोट प्यायले, लोटा तिच्या हातात परत दिला आणि सुटले. पुढं तिघी होत्या. तिसरी दमून लटपटत होती. शाळेच्या फाटकापाशी मी तिला मागं टाकलं.

आई मागून चालत आली. मी म्हणाले, "तिसरी!" तिला खरं वाटेना, म्हणून तिनं सरांना विचारलं. सरांनी मान डोलावली. मग गावातल्या सगळ्या माणसांदेखत, भर रस्त्यात, उभ्या उभ्या तिनं लोट्यातली उरलेली आंबील एका दमात पिऊन टाकली. पदरानं तोंड पुसलं आणि गर्दीत उभ्या बाबांकडे वळून म्हणाली, "पुढच्या साली कापूस वेचाले मजूर पाहा."