मिक्श्चरच्या बाटलीत लिनिमेंट

धाड गावातल्या एका खासगी दवाखान्यात शालिग्राम कंपाउंडर होता. बाजाराच्या दिवशी त्याला मान वर करायला फुरसत नसे. वामनराव डॉक्टर आतल्या खोलीतून इंग्रजीत चिठ्ठी लिहून पाठवायचे. शालिग्रामने ती वाचायची, औषध तयार करायचं आणि खिडकीतून द्यायचं.

अकोल्याला हे काम शिकला तेव्हापासून त्याला त्या इंग्रजी शब्दांचा नाद लागला होता. मिक्श्चर म्हणजे मोजून, दिवसातून तीनदा घ्यायचं. ड्राफ्ट म्हणजे एका दमात संपवायचं. लिंक्टस पाण्याशिवाय, घशाशी घोळवत गिळायचं. लोशन कातडीवर नुसतं लावायचं, घासायचं नाही. आणि लिनिमेंट चांगलं चोळायचं, पण कातडी फुटली नसेल तरच. खिडकीबाहेर मात्र या पाचांना मिळून एकच शब्द होता : दवाई.

"शालिग्रामभाऊ, कोन्ती बी द्या, पन गोड द्या," बाजारकरी चेष्टा करायचे.

"गोड-कडूचा सवाल नाही, मामा. मिक्श्चर पोटात गेलं त माणूस उठते, लिनिमेंट गेलं त माणूस जाते."

"घ्या, इंग्रजी सुरू झालं यायचं!"

बाटली ज्याची त्याने घरून आणायची, अशी तेव्हा रीत होती. प्यायचं औषध असलं की शालिग्राम बाटलीवर कागदाची उभी पट्टी डकवायचा. पट्टीच्या कडेला कातरीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळे. चोळायच्या औषधाला पट्टी नाही. पट्टी असेल ते प्यायचं, नसेल ते वरून लावायचं, हे पंचक्रोशीला पाठ झालं होतं, आणि ते आपण पाठ करून घेतलं याचा शालिग्रामला मनातून अभिमान होता.

चौसष्ट सालच्या माघातली गोष्ट. बाजार ऐन भरात होता. दुपारी एकाच्या सुमारास एका म्हाताऱ्याने मळकी बाटली खिडकीत ठेवली. तिच्यावर जुनी पट्टी तशीच होती. शालिग्रामने सवयीने पाण्याचं बोट लावून ती नखाने खरवडायला घेतली, आणि मध्येच त्याचा हात थांबला.

सोजराबाईच्या बाटलीवरची पट्टी आपण खरवडली होती का?

त्याने आठवून पाहिलं. तासाभरापूर्वी ती आली होती. नवऱ्याची, इंद्रभानची, कंबर धरली होती. गेल्या महिन्यात याच बाटलीतून तिने खोकल्याचं मिक्श्चर नेलं होतं. आज चिठ्ठीवर लिनिमेंट होतं, बचनाग आणि बेलाडोना ही विषं घातलेलं, भारी. आपण बाटली धुतली. भरली. बूच लावलं. "लावायची आहे बरं, बाई," असं म्हणालो. पण पट्टी? पट्टीला हात लावल्याचं काही केल्या आठवेना.

तो तसाच आत गेला.

"डॉक्टरसाहेब, सोजराबाईचं लिनिमेंट डोसाच्या पट्टीच्या बाटलीत गेलं."

वामनरावांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. "पट्टी काढली नाहीस?"

"नाही वाटते."

"वाटते म्हणजे काय? मी बाजारात तिला शोधायला माणूस पाठवतो. तू सायकल काढ. प्यायला असला तर गाडीत घालून इकडे आण. आणि शालिग्राम, काही झालं असलं तर उद्यापासून या खिडकीत मी तुला उभा करू शकणार नाही."

सोजराबाईची वस्ती तीन मैलांवर, बैलगाडीच्या चाकोरीची वाट. शालिग्राम पायडल मारत होता आणि मनात हिशेब करत होता. पायी बाईला सव्वा तास. ती अजून वाटेतच असेल. पण वाटेत ती कुठे दिसेना. भाजीची पाटी घेऊन बाजारातून परतणारी एक बाई भेटली, तिला त्याने विचारलं.

"सोजरा? ते त बाजारातच हाय, मिरच्या घेऊन राह्यली. दवाई तिनं शेजारच्या भगवंतरावच्या गाडीत धाडली कवाचीच."

आता हिशेबच उरला नाही. गाडी तर कधीच पोचली असणार. पुढे नाल्यात सायकल चालेना, ती खांद्यावर घेऊन तो पाण्यातून गेला. पलीकडे चढावर चेन पडली. ती बसवायलाही तो थांबला नाही. सायकल बांधाला टेकवली आणि पळत सुटला.

इंद्रभान ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. शेजारी पितळेचा पेला होता आणि बाटलीतलं औषध बरोबर एका खाचेने खाली गेलं होतं.

"प्याले का?" शालिग्राम ओरडलाच.

"काऊन हो, कंपाउंडर? एवढे काऊन धापून राह्यले?"

"दवाई प्याले का, ते सांगा!"

"तोंडात घेतली, भाऊ. आग आग झाली, त थुकली तिकडं तुळशीपाशी. थो पेला बी सांडला. आता जीभ बधिर होऊन राह्यली. गेल्या टायमाची बरी होती."

"गिळली काही?"

"काय मालूम? एखांदा घोट गेला असन."

शालिग्रामने तांब्या घेऊन त्याला दहा वेळा चुळा भरायला लावल्या. नाडी चुकली तर लगेच निघता यावं म्हणून भगवंतरावाला गाडी जुंपून ठेवायला सांगितलं. मग मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत बसला. बचनाग पोटात गेला तर नाडी मंदावते, चुकते. बहात्तर. सत्तर. अडुसष्ट. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. एकदा इंद्रभानने डोळे मिटले तर त्याने त्याला गदागदा हलवलं.

"अबे झोपू त दे!"

"झोपायचं नाही. बोलत राहा. जीभ कशी आहे?"

"हाय तशीच."

अर्ध्या तासाने सोजराबाई आली. बाजारातल्या माणसाने तिला गाठलं होतं. डोक्यावरचं गाठोडं तिने अंगणातच टाकलं. नवऱ्याचं मनगट कंपाउंडरच्या हातात बघून ती खालीच बसली.

"माह्यंच चुकलं. तुमी म्हणलं होतं मले, लावा म्हून. मी भगवंतरावले नुसतं दवाई हाय म्हणलं. म्या मारलं माह्या मालकाले!"

भगवंतरावही मान खाली घालून म्हणाला, "बाईच्या जातीले ध्यान ऱ्हात नाही."

शालिग्रामच्या मनात आलं, आता गप्प बसलं तर झालं. आपण सांगितलं होतं. ते तर खरंच. डॉक्टरांनाही हेच सांगता येईल. खिडकी राहील, पगार राहील. बाई आयुष्यभर रडेल, पण आपलं नाव कोणी घेणार नाही.

बोटांखाली नाडी सत्तर होती. तो म्हणाला, "सोजराबाई, उठा. बाटलीवर पट्टी आहे. पट्टी म्हणजे प्यायची, हे मीच तुम्हाले शिकवलं. ती मी काढायची होती. काढली नाही. तुमचं काही चुकलं नाही, अन् भगवंतराव, तुम्ही बाईले बोलू नका."

ऊन ओसरीवरून खाली उतरलं. नाडी बहात्तर झाली, मग चौऱ्याहत्तर. इंद्रभानने जीभ टाळूला लावून पाहिली.

"मुंग्या कमी झाल्या, कंपाउंडर."

"नक्की?"

"हाव. पन कंबर तशीच हाय. आता इथवर आलेच हा, त तुमीच चोळून द्या. आमच्यावर भरवसा नोका ठेवू."

सोजराबाई डोळे पुसता पुसता हसली. शालिग्रामला हसू आलं नाही. त्याने इंद्रभानला पालथं झोपवलं, दिवा लागायला अवकाश होता तोवर पाठीची कातडी उजेडात नीट बघून घेतली, आणि सोजराबाईकडून लिनिमेंटऐवजी वाटीभर तिळाचं तेल मागितलं. बाटली त्याने आपल्या पिशवीत ठेवली. ती दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची होती, पट्टीसकट.