शालनच्या मुलीचं नाव आमच्या वरवंट्याला

शालन काल सकाळी गेली.

तिच्या मुलीचं नाव आमच्या स्वयंपाकघरातल्या एका दगडाला होतं.

काल सांगलीत, तिला अजून बाहेरही आणलं नव्हतं, तेव्हा अंगणात दोन नातेवाईक बायका "दगडवेडी" म्हणून तोंडावर पदर धरून हसत होत्या. ही पोस्ट त्या दोघींसाठी. फॉरवर्ड करा खुशाल.

शालन आणि मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर एका खोलीत राहिलो. दहावीत मी तिला सांगितलं होतं, मला मुलगी झाली तर रेवती.

ती म्हणाली होती, "छान आहे गं."

इतकं छान होतं की नव्वदच्या दशकात तिला माझ्याआधी मुलगी झाली आणि तिनं ते ठेवूनही टाकलं.

मी तेव्हा सात महिन्यांची पोटुशी. साताऱ्याच्या पीसीओवरून फोन केला.

"शालन, ते नाव माझं होतं."

"मग तूपण ठेव की. नाव काय संपतंय?"

मी फोन आपटला. आजही म्हणते, नाव माझंच होतं. मेली म्हणून मी खोटं बोलणार नाही.

मलाही मुलगी झाली. हट्टानं रेवतीच ठेवणार होते. पण उंब्रजहून सासूबाई कायमच्या राहायला आल्या होत्या.

"एका नावाची दोन लेकरं, आन् दोगींच्या आया अशा जिवाभावाच्या? नगं गं बाई. एकीची हाक दुसरीला जाती."

"आई, असं काही नसतं."

"नसंल. पन मनातलं नाव मनात ठिवू नये. देऊन टाक कुनाला तरी."

आमच्याकडे बारशाला वरवंट्याला आंघोळ घालतात, टोपडं-झबलं घालतात, काजळ लावतात, आणि बाळाच्या आधी त्याला पाळण्याच्या वरून-खालून देतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून.

सासूबाईंनी माझ्या नणंदेला सांगितलं, आधी वरवंट्याच्या कानात सांग.

वन्सं वाकल्या. "कुर्रर्र... रेवती!"

बायका खो खो हसल्या. मग माझ्या लेकीच्या कानात अनुजा सांगितलं.

शालन बारशाला आली होती. फोन आपटला तरी आली, ती तशीच होती. तिच्या मांडीवर तिची रेवती भूक लागून किंचाळत होती. वन्सं दगडावर वाकल्या आणि पोर गप्प झाली.

कुणीतरी म्हणालं, "बघा, नाव ऐकून गप बसली!"

त्यानंतर ती पोर नावाला वळली नाही.

कावळा ओरडला की वळायची. कुकरच्या शिट्टीला दचकायची. 'रेवती' म्हटलं की काही नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कान उत्तम.

चालायला लागली, तरी तेच. मग एक दिवस शालन तिला घेऊन एसटीनं साताऱ्याला आली. चहासुद्धा घेतला नाही.

"मला तो वरवंटा दे."

"शालन, डोन्ट बी सिली. आपण दोघी सिस्टरांकडे शिकलोय."

"शिकलोय. वरवंटा दे."

मी ओट्यावरचा द्यायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, "त्यो न्हवं. त्यो नवा हाय."

पिठाच्या डब्यामागून त्यांनी जुना काढला. अंगात अजून झबलं. डोक्यावर टोपडं.

"बारशापासनं ह्येनं वाटलं न्हाई मी. दगडच हाय, ठावं हाय मला. पन मिरची वाटाय हात धजंना."

माझ्या घरात, माझ्या नाकाखाली! मी काही बोलणार, तेवढ्यात शालननं तो मांडीवर घेतला. आडवा, डोक्याखाली हात देऊन. आणि हळू आवाजात म्हणाली, "रेवती."

पोर परसात अनुजाजवळ खेळत होती. तिथवर ऐकू जाणं शक्य नव्हतं.

ती दारात येऊन उभी राहिली. आईकडे पाहिलंच नाही. मांडीवरच्या दगडाकडे बघून म्हणाली, "ओ."

तिचा पहिला शब्द.

शालननं दगड सांगलीला नेला. एसटीत कंडक्टर म्हणाला म्हणे, "ताई, एकटीनं दोन-दोन लेकरं?" तिनं मान डोलावली.

तेव्हापासून रोज सकाळी ती आधी वरवंट्याला हाक मारायची. मग पोरगी दिवसभर कुणालाही ओ द्यायची. एकदा चुकलं, तर शाळेतून बाई घरी आल्या, मुलगी हाकेला वळत नाही म्हणून. पुन्हा चुकू दिलं नाही तिनं. मिरजेला तिचं स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हा पिशवीत घालून दवाखान्यात नेला. नर्स ओरडली. शालननं ऐकून घेतलं आणि तो उशीजवळ ठेवला.

रेवती शिकली, लग्न झालं, शालनच्या शेजारच्या गल्लीतच राहते, इस्लामपूरला कॉलेजात शिकवते. हुशार आहे. आता बोला, वेडी कोण?

काल शालनला नेल्यावर रेवती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्यानं हाक मारली. काही नाही. मावससासऱ्यांनी मारली. काही नाही.

"धक्का बसलाय," सगळे म्हणाले.

मी तिच्यासमोर बसून म्हणाले, "रेवती, बाळा, पाणी पी." ती माझ्यापलीकडे बघत राहिली. डोळे उघडे, आणि घरात कुणीच नसल्यासारखे.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दार लोटून घेतलं. वरवंटा खिडकीत होता, धुतलेल्या झबल्यात. सकाळपासून त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मी, जन्मभर बुवाबाजीवर तोंडसुख घेतलेली बाई, त्याच्या कानाशी वाकले. कान कुठला, दगडच तो. पण वाकले.

माझंच नाव. इतक्या वर्षांत ते मी त्याला एकदाही म्हटलं नव्हतं.

"रेवती."

दाराबाहेरून आवाज आला, "ओ, मावशी."

शालन, आता तू जा. मागे वळून बघू नकोस. मी वरवंटा साताऱ्याला आणलाय. आज सकाळी हाक मारली. उद्याही मारीन.