चार गोळ्यांची पट्टी

तीन पोरी एका खोलीत वर्षभर कोंडल्या की किस्से आपोआप साचतात, कूलरच्या टाकीत गाळ साचतो तसे. मुद्दाम कुणी टाकत नाही, पण उन्हाळा सरताना बघावं तर तळ दिसत नाही.

आमची खोली लातूरला, क्लासेसच्या गल्लीत. मी जळकोटची, उज्जी कंधारची, मेघा उदगीरची. तिघी रिपीटर. म्हणजे बारावी झालेल्या, मेडिकलच्या परीक्षेत आपटलेल्या आणि 'अजून एकच वर्ष' म्हणून आईबापांनी पुन्हा त्याच परीक्षेला जुंपलेल्या.

माझं तर ते दुसरं 'एकच वर्ष' होतं. मला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मला कार्टून काढायची होती. पण माझे वडील, आप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्यांना हे कळलं असतं तर तिसऱ्या दिवशी मी जळकोटला आणि पाचव्या दिवशी मला बघायला पाहुणे! त्यामुळं ते हॉस्टेल म्हणजे माझा तुरुंगही होता आणि स्टुडिओही. पकडलं जायचं नाही, एवढाच माझा सिलॅबस.

*

कागदाची चणचण कधीच पडली नाही. सरावासाठी क्लासमधून ओएमआर शीटचे गठ्ठेच मिळायचे. ज्यांनी शीट बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रत्येक प्रश्नासमोर चार छोटे गोळे असतात. बरोबर उत्तराचा गोळा पेनानं काळा करायचा. बाकी पोरींना तिथं ए, बी, सी, डी दिसायचं. मला चार चौकटी दिसायच्या!

एक प्रश्न म्हणजे एक स्ट्रिप. गोळा म्हणजे डोकं. खाली काडीचे हातपाय. पहिल्या गोळ्यात पोरगी जांभई देते, दुसऱ्यात सर ओरडतात, तिसऱ्यात पोरगी डोळे ताणून वाचते, चौथ्यात सरच जांभई देतात. उज्जी फोटो काढायची आणि 'चार गोळे' नावाच्या पेजवर टाकायची. नाव नाही, गाव नाही.

एकदा घाईत उज्जीनं माझ्या गठ्ठ्यातली शीट उचलली आणि टेस्टला गेली. हॉलमध्ये बसल्यावर तिला कळलं की निम्म्या गोळ्यांना केस आणि मिशा आहेत! दुसरी शीट मागावी तर नाव लिहून घेतात. मग काय, मोकळे गोळे तिनं भरले, बाकीचे देवाच्या आणि मशीनच्या भरवशावर सोडले.

मशीननं माझी काळ्या केसांची तोंडं उत्तरं म्हणून वाचली. उज्जीला नेहमीपेक्षा अकरा मार्क जास्त पडले! संध्याकाळी तिच्या बाबांना क्लासमधून फोन गेला, "मुलगी आता सिरियस झालीये."

*

हॉस्टेलमध्ये मोबाईलला बंदी. रेक्टरकाकूंच्या फोनवरून रविवारी दहा मिनिटं घरी बोलायचं, तेही काकू शेजारी बसलेल्या असताना. तरी उज्जीचा फोन आमच्याकडं होता. शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात, तळाला, तीन पिशव्यांत गुंडाळलेला. वर चार बोटं चटणी.

रविवारी दुपारी दार लावून आम्ही तो फोन उकरून काढायचो. जगभरातली वेबकॉमिक्स तिघींची डोकी एकमेकींना चिकटवून वाचायचो. सोबत मेसमधून लपवून आणलेली सुशीला. फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, थंड झालेली, पण त्या अर्ध्या तासापुढं मला अजून कुठलंच सुख मोठं वाटलेलं नाही. बोटाला तिखट, डोळ्यांत पाणी, आणि ते पाणी हसण्याचं की चटणीचं ते कळायचं नाही.

एकदा काकू अचानक तपासणीला आल्या. गाद्या उलट्या केल्या, पेट्या उघडल्या. मग त्यांची नजर डब्यावर गेली.

"कुणाची गं चटणी?"

"माझी काकू," उज्जी म्हणाली. आवाज चिमणीसारखा.

काकूंनी झाकण काढलं. चमचा घातला. चमचा खाली गेला. अजून खाली गेला. मेघानं डोळे मिटून घेतले. मला तर चमचा काचेला लागल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला, जो आलाच नव्हता!

काकूंनी चटणी तोंडात टाकली, जीभ फिरवली आणि उज्जीकडं कडक नजरेनं बघितलं.

"आईला सांग, लसूण कमी पडलाय."

*

आमच्याकडच्या मोठ्या माणसांच्या खिशात एक हुकमाचं पान असतं. त्र्याण्णवचा भूकंप!

पंखा बंद आहे म्हणावं तर, "आम्ही भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले." वरणात अळी निघाली म्हणावं तर, "भूकंपात खायला काय होतं?" झोप पुरत नाही, डोकं दुखतं, पोरगी बाथरूममध्ये रडायलीय, कशावरही तेच पान. ज्यांची माणसं खरंच ढिगाऱ्याखाली गेली ते बिचारे एक शब्द बोलत नाहीत. आणि ज्यांच्या घराची कौलंसुद्धा हलली नाहीत त्यांना भाषण आवरत नाही.

आमचे डायरेक्टर सर त्यातलेच. दर वर्षी नव्या बॅचच्या स्वागताला माईकवर सांगायचे, "मी तुमच्याच वयाचा होतो. या हातांनी माणसं बाहेर काढली. आणि तुम्हाला बारा तास बसवत नाही?"

पहिल्या वर्षी मी हे ऐकलं तेव्हा सरांनी दोन माणसं बाहेर काढली होती. दुसऱ्या वर्षी पाच!

उज्जी माझ्या कानात म्हणाली, "तू अजून एक वर्ष रिपीट कर. सर अख्खं गाव बाहेर काढतील बघ!"

*

ही पुढची गोष्ट सांगताना मला अजून हसू येत नाही, पण सगळं हिच्यावरूनच पेटलं.

सकाळची टेस्ट चालू होती. तिसरा मजला, दोनशे पोरंपोरी. एकदम माझी पाण्याची बाटली बाकावरून चालायला लागली. मग बाक. मग खालून, जमिनीच्या पोटातून, मालगाडी गेल्यासारखा आवाज. छताचा पांढरा भुगा माझ्या शीटवर पडला.

सुपरवायझर सर जोरात ओरडले, "कुणीही जागेवरून उठायचं नाही! पेपर चालू आहे!"

वाक्य संपेपर्यंत ते जिन्यात होते.

आणि आम्ही? दोनशे जण बसून राहिलो. एकीनं शेजारणीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं गोळा काळा केला. मीही उठले नाही. शीटवरचा भुगा फुंकला आणि पुढचा प्रश्न वाचला. जमीन हललेली चालेल, पण पेपर सुटायला नको, इतकं आमच्या डोक्यात भरलं होतं तुम्ही मोठ्या माणसांनी. त्या दिवसाचा राग माझा गेलेला नाही. तुमच्यावरचा नाही आणि माझ्यावरचाही नाही.

थोड्या वेळानं सगळं थांबलं. खाली मैदानातून सुपरवायझर सरांचा आवाज आला, "वेळ वाढवून मिळणार नाही!"

मी त्याच दिवशी स्ट्रिप काढली. चार गोळे. तीन गोळ्यांत सुपरवायझर ओरडतोय, मागं भिंत जास्त जास्त वाकडी. चौथा गोळा रिकामा. एवढंच. उज्जीनं रात्रीच ती पेजवर टाकली. दुसऱ्या दिवशी ते चित्र लातूरमधल्या पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरत होतं.

*

डायरेक्टर सर प्रिंट घेऊन वर्गात आले.

"शीट आपली आहे. म्हणजे काढणाराही आपल्यातलाच. सापडला की आईबापांना बोलावून बॅग हातात देणार." मग चष्मा पुसत म्हणाले, "सगळ्यांनी मानवी हृदयाची आकृती काढा. दहा मिनिटं. वर नाव."

सरांचं लॉजिक साधं होतं. ज्याची आकृती सगळ्यात सुंदर, तोच चोर!

मी ओळखलं. वांग्याला नळ्या लावाव्यात तसलं हृदय काढलं. पण गंमत अशी की बाकीच्यांनीही ओळखलं होतं. उगाच आपल्यावर यायला नको म्हणून ज्यानं त्यानं जमेल तितकी घाण आकृती काढली. सरांच्या टेबलावर वांगी, बटाटे, रताळी, सगळा भाजीबाजार जमला.

फक्त मेघा! मेघाला चुकीची आकृती काढताच येत नाही. चारी कप्पे, झडपा, बाण, नावं, खाली पट्टीनं दुहेरी रेघ. अख्ख्या बॅचमध्ये एकच हृदय बरोबर निघालं आणि तिलाच ऑफिसात नेलं.

उज्जीनं मला कोपरानं ढोसलं. "तिचे बाबा उदगीरहून निघालेत म्हणे. ती तुझं नाव सांगायची न्हाई, मरून जाईल पण सांगायची न्हाई. आता तू काय करायलीस इथं?"

मेघाला खरंच डॉक्टर व्हायचं होतं. आम्हा तिघींत तिला एकटीलाच!

*

मी ऑफिसात गेले. मेघा भिंतीकडं तोंड करून उभी. मी म्हणाले, "सर, ती नाही. मी काढलंय."

सरांनी गठ्ठा चाळला, माझा कागद बाहेर ओढला आणि माझ्यासमोर धरला.

"तू? तू हे वांगं काढलंस!"

"मुद्दाम काढलं, सर."

"मैत्रिणीसाठी खोटं बोलतेस. चांगला गुण आहे. पण करिअर बघ, बाळ. जा."

आता काय करावं? आयुष्यात पहिल्यांदा मी गुन्हा कबूल करत होते, आणि माझ्या वांग्यामुळं कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं!

टेबलावर कोरी शीट होती. मी उभ्या उभ्या पेन काढलं. पहिल्या गोळ्यात डायरेक्टर सर माईकवर. दुसऱ्यात सर माईकवर. तिसऱ्यात सर माईकवर. चौथ्यात, त्यांनी ढिगाऱ्यातून काढलेली पाचही माणसं भाषण ऐकून पुन्हा ढिगाऱ्यात जाऊन बसलेली.

मागं उभ्या असलेल्या शिपाईमामांच्या तोंडून फिस्सकन आवाज आला. सरांनी त्यांच्याकडं बघितलं, मग शीटकडं, मग फोन उचलला.

"गुरुजी, या. पोरगी घेऊन जा."

मेघाला मात्र खुर्ची दिली, चहा दिला, वर बिस्किटं. पुढं टॉपर म्हणून तिचा फोटो चौकात लागायचा होता ना!

*

आता शेवटचा किस्सा. आप्पा सुधारले वगैरे ऐकायचं असेल तर इथंच थांबा. पाहुणे पुढं दोनदा आले, दोन्हीदा मीच त्यांना वाटेला लावलं. आता मी नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते, टॉपरच्या फोटोमागं गुलाबी ढग लावते, आणि रोज एक स्ट्रिप काढते. आप्पांनी अजून एकदाही 'छान' म्हटलेलं नाही.

त्या दिवशी ते दुपारी आले. सरांनी खोलीतून जप्त केलेल्या माझ्या सगळ्या शीट टेबलावर पसरल्या. आप्पांनी चष्मा लावला आणि वह्या तपासतात तसं एकेक ओळीखाली बोट फिरवत सगळं बघितलं. हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

"सही कुठं करायची?" एवढंच विचारलं. शीटचा गठ्ठा पिशवीत घातला.

जळकोटला जायला उदगीरच्या गाडीत शेजारी बसलो. लातूर मागं पडलं. मी मनात वाक्यं घोकत होते. मारलंत तर बोलणार नाही. लग्न लावलंत तर पळून जाईन. चित्रं फाडलीत तर... त्याच्यापुढं मला वाक्य सुचत नव्हतं.

आप्पांनी पिशवीतून एक शीट काढली. आता फाडतात, असं मला वाटलं. त्यांनी ती उलटी केली. मागची कोरी बाजू माझ्या मांडीवर ठेवली.

"पेन हाय का?"

"हाय."

"घर काढ."

"कुठलं?"

"गावाकडचं."

आप्पांचं मूळ गाव औशाकडचं. त्या पहाटेच्या भूकंपात, सगळे झोपेत असताना गेलं. आमच्या घरात त्या गावाचा एक फोटो नाही आणि त्या गावाबद्दल कधी एक वाक्य नाही. मी ते घर बघितलेलंच नव्हतं. ते सांगत गेले, मी काढत गेले.

"दार उजव्या अंगाला. न्हाई, एवढं मोठं न्हाई, वाकून जावं लागायचं. दगडी भिंत. जाड काढ. अजून जाड. वर माती. हितं ओसरी. ओसरीवर बाज."

गाडी खड्ड्यात आदळली, रेघ वाकडी गेली. "चालतंय," आप्पा म्हणाले. "वाकडीच होती."

मग त्यांनी कागद स्वतःकडं वळवून बघितला.

"बाजंवर सुमन काढ."

सुमन म्हणजे माझी आत्या. आप्पांची धाकटी बहीण, भूकंपात गेलेली. एवढंच मला माहीत होतं, तेही आईकडून.

"कशी काढू आप्पा? मी बघितली न्हाई तिला."

"पाठमोरी काढ. झोपलेली."

"तोंड?"

"भिंतीकडं होतं. रुसली होती."

"कुणावर?"

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"सकाळी बोलू म्हणलो मी," ते म्हणाले. मग कागदावर वाकले आणि बोट ठेवलं. "वेणी आखूड झाली बाई. लांब कर."