गिअरवरचा हार

बाबांच्या मुलुंडच्या कारखान्यातला जर्मन इंजिनियर मायदेशी परतताना आपली जुनी स्पोर्ट्‌स कार बाबांना देऊन गेला. बुटकी, दोन दारांची, लालभडक. तिला क्लचचं पेडलच नव्हतं. गिअर हातानेच बदलायचे, पण दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटायचा आणि हात काढला की पुन्हा धरायचा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत क्लचवर माझा पाय थरथरायचा. चालवायला जमेल अशी ही एकच गाडी होती. रविवारी बाबा मला ती कॉलनीत फिरवू द्यायचे. ती मला किती हवी आहे, हे मात्र मी कुणाला बोलले नव्हते.

वरचेवर बंद पडायची ती. सुटे भाग कुठेच मिळत नसत. "आता एकदा अडली की गेली वाकोल्याच्या भंगारात," बाबांनी बजावलं होतं.

दसऱ्याला आईने तिची पूजा केली, नारळ फोडला आणि आम्ही पवईला निघालो. बाबांनी गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन किंचाळलं, पण गाडी जागची हलेना.

"अहो, बैल जोडा, बैल!" पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीतून ओरडले.

"वाट लागली." बाबा खाली उतरले. "उद्याच त्या भंगारवाल्याला फोन करतो."

मी मागच्या चिंचोळ्या सीटवर होते. आईने झेंडूचा हार गिअरच्या दांड्याला गुंडाळून सीटखालच्या दांडीला करकचून बांधला होता. दांडा जरासा ओढला गेला होता. गाडीला वाटत होतं, अजून कुणीतरी दांडा धरून बसलंय.

"आई, हार सोड ना."

"पूजेचा हार? दसऱ्याच्या दिवशी? काहीतरीच काय गं!"

एरवी मी तिथेच गप्प झाले असते. "आरशाला बांध, पण इथून सोड. त्यानेच अडलीय."

बाबांनी खिडकीतून वाकून बघितलं आणि स्वतःच गाठ सोडली. हार आरशाला गेला. बाबा पुन्हा बसले, आणि गाडी मुकाट्याने फाटकापर्यंत गेली.

फाटकाशी बाबा उतरले. "चल, तूच घे आता."

बाबा माझ्या शेजारी बसले, आई मागे गेली. पवईचं तळं दिसायला लागलं, तशी ती आपट्याचं पान गिअरवर ठेवायला पुढे वाकली.

"हात नको!" बाबा आणि मी एकदम ओरडलो. माझा आवाज बाबांपेक्षा मोठा होता.